माप तेच

टेलर मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी तीस वर्षं पाळला. गिऱ्हाईक जाडं झालं तर त्याला तसं म्हणायचं नाही. म्हणायचं, कापड आटलं. गिऱ्हाईक म्हणतं, "असेल हो, हल्लीचं कापडच तसलं," आणि दोघंही खूश. हा नियम त्यांना मामांनी शिकवला होता. मामांच्याच हाताखाली ते पहिल्यांदा कात्री धरायला शिकले. मामा म्हणायचे, शिंप्याची टेप लांब असावी आणि जीभ आखूड. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं, नाही? याच शहाणपणापायी मास्तरांची झोप कशी उडाली, ते सांगतो.

मास्तरांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पंपवाले साहेब. स्वतःच्या हातानं लेथ चालवण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आज त्यांच्या कारखान्याचे पंप जहाजात चढून दूरदेशी जातात. आणि हा माणूस बारा वर्षं रोज एकच कपडे घालत आला. एकच म्हणजे एकच जोडी नव्हे हो, एकासारख्या एक अशा बारा जोड्या. राखाडी शर्ट, पूर्ण बाह्यांचा, खिसा नसलेला. गडद निळी पँट. काळा पट्टा. लग्न असो, मयत असो, मोठे पाहुणे येवोत, साहेब राखाडीत.

लोकांना याचं कोण कौतुक! कुणी म्हणे, काहीतरी शपथ घेतली असणार. कुणी म्हणे, कापडाचं अख्खं ठाण स्वस्तात पडलं असेल. कुणी म्हणे, बायकोनं कधीतरी कपड्यांवरून टोमणा मारला, त्याचा हा सूड. शेवटी एका पेपरवाल्यानं साहेबांनाच विचारलं. साहेब म्हणाले, "मला दिवसाला शंभर गोष्टी ठरवाव्या लागतात. त्यातली पहिली मी बारा वर्षांपूर्वीच ठरवून टाकली." झालं! ते छापून आल्यावर गावातले निम्मे तरुण व्यवस्थापक एकाच रंगाचे शर्ट घालून हिंडायला लागले. त्यातल्या एकाचाही धंदा वाढला नाही. शर्टाला कुठून अक्कल असणार?

मास्तरांना विचाराल तर ते नाकातून हसायचे. "साहेबांना सकाळी विचार करावा लागत नाही, बरोबर आहे. कारण त्यांच्या वाटचा विचार मी करतो."

आणि खरंच करायचे. दर सहा महिन्यांनी साहेबांचा ड्रायव्हर नमुन्याला म्हणून एक वापरलेला शर्ट, एक वापरलेली पँट आणि एक चिठ्ठी घेऊन यायचा. चिठ्ठीत दोनच शब्द असायचे : माप तेच. मास्तर वही काढायचे, तारीख टाकायचे आणि पुढे लिहायचे, माप तेच. वहीच्या पहिल्या पानावर बारा वर्षांपूर्वी घेतलेलं माप होतं. कंबर चौतीस, कॉलर साडेपंधरा. त्यानंतर साहेब मापाला कधी उभेच राहिले नाहीत.

आता तुम्हीच सांगा, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं माप बारा वर्षं तेच राहतं का? पण मास्तर पडले उस्ताद. ड्रायव्हर गेला की ते वापरलेली पँट दारातल्या उजेडात धरायचे. पट्ट्याखाली कापड कुठं चुरगळलंय, मागची शिवण किती ताणली आहे, कॉलरच्या आत मळाची रेघ कुठं उमटली आहे, सगळं बघायचे. कपडा धुतला तरी अंगाची साक्ष द्यायचं सोडत नाही. मग कुणाला न सांगता कंबर अर्ध्या इंचानं वाढवायची, खांदा पाव इंचानं सोडायचा. शिवाय आत भरपूर माया ठेवायची. माया म्हणजे शिवणीच्या पोटात दडवलेलं जादा कापड, वेळ आली तर उसवून वाढवता येतं ते. असं करत करत दहा वर्षांत साहेबांची कंबर चौतिसावरून अडतिसावर गेली. वहीत चौतीसच. साहेबांच्या डोक्यातही चौतीसच.

साहेब भाषणांत अभिमानानं सांगायचे, "बारा वर्षांत माझं माप एक सूतभरसुद्धा बदललेलं नाही." ड्रायव्हर ते येऊन मास्तरांना सांगायचा, आणि मास्तरांना अशा गुदगुल्या व्हायच्या की दिवसभर मशीन गात असल्यागत चालायचं. जगाला ठाऊक नसलेली एक लबाडी आपल्या हातात आहे, आणि ती लबाडी इतकी सुबक आहे, याचं सुख काही औरच असतं.

मग दीड वर्षापूर्वी वारं फिरलं. नमुन्याची पँट आली ती पट्ट्याखाली गोळा झालेली. मास्तर म्हणाले, वा, साहेब चालायला लागलेले दिसतात. सदतीस शिवली. सहा महिन्यांनी साडेपस्तीस. मास्तर म्हणाले, चांगलंच मनावर घेतलंय बुवा. पुढच्या खेपेला साडेतेहतीस. तेव्हा मात्र मनात पाल चुकचुकली होती. पण शाळांच्या गणवेशांची घाई होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, मास्तरांनी पालीला हाकलून दिलं.

आणि आता ही पँट. मास्तरांनी ती उजेडात धरली आणि हातच थांबला. साडेतेहतिसाची पँट, पण पट्ट्यानं आवळून कमरेला पुढे दोन आणि मागे दोन अशा चुण्या पडलेल्या, जणू एखाद्या लहान पोरानं बापाची पँट घातली होती. त्यांनी चुण्या चिमटीत धरून टेप लावली. एकतीस. कॉलरच्या आतली रेघ बघितली. साडेचौदा. पुन्हा मोजलं. आकडा काही दया करेना.

"मास्तर, या खेपेला जरा हात चालवा हं," ड्रायव्हर दाराशी उभा राहून सांगत होता. "पंधरा तारखेला सत्कार आहे साहेबांचा. सहाच दिवस आहेत. साहेब बोलणारेत, रोज एकच कपडे का, याच्यावरच."

"साहेबांची तब्येत कशी आहे?" मास्तरांनी पँटवरची नजर न काढता विचारलं.

"ठणठणीत! म्हणजे जेवण जरा कमी झालंय, पण ते कामाच्या नादात. जिना चढताना थांबतात थोडं. वय झालं की आता." ड्रायव्हर हसला. "मागे बाईसाहेब फार पाठीस लागल्या होत्या, एकदा डॉक्टरला दाखवा म्हणून. साहेब काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, मी वाळलो असतो तर कपडे नसते का ढिले झाले? विश्वास नसेल तर मास्तरची वही बघून ये. बाईसाहेब काय बोलणार? शर्ट तर अंगावर कसा चोपून बसलेला."

 ड्रायव्हर आणखी काहीबाही बोलून गेला, ते मास्तरांना ऐकू आलं नाही.

त्या दिवशी मास्तरांच्या हातून एक काम धड झालं नाही. खडूनं खूण केली ती कापडाच्या उलट्या बाजूला. एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय उजवे कापले. उठून दारात जायचे, रस्ता बघायचे, परत येऊन बसायचे, बसले की पुन्हा उठायचे. त्यांची बायको दुकानातच काज-बटणं आणि तुरपाई करायची. तिनं तासभर हा तमाशा बघितला आणि सुई कापडात खुपसून ठेवली.

"अहो, तुम्हाला झालंय काय? सकाळपासून तीनदा टेप शोधलीत. तिन्ही वेळा ती तुमच्या गळ्यातच होती."

मास्तरांनी सांगून टाकलं. अडतीस, सदतीस, साडेपस्तीस, साडेतेहतीस, एकतीस. वहीत कुठंही नसलेले आकडे. ते सगळे त्यांना तोंडपाठ होते. बायको ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? बारा वर्षं तुम्हाला फसवलं म्हणून सांगू? अगं, त्यांचा कारखानाभर गणवेश आपण शिवतो. उद्या म्हणतील, ज्यानं माझं माप खोटं लिहिलं तो सहाशे कामगारांचं काय खरं लिहिणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत माणूस मरतोय," बायको म्हणाली. "पँटमध्ये एवढी माया सोडता. तोंडात थोडी सोडली असती तर काय बिघडलं असतं?"

मास्तर चिडले. खरं बोलणाऱ्या बायकोवर चिडण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही. "तुला काय कळतंय धंद्यातलं!" म्हणाले, आणि तसेच चपला सरकवून बाहेर पडले. पण गेले कुठे? साहेबांच्या कारखान्यातच गेले.

साहेबांच्या ऑफिसबाहेर पाऊण तास बसावं लागलं. मास्तरांनी मनात वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. साहेब, एक विनंती आहे. नको. साहेब, माझी चूक झाली. हे बरं आहे. साहेब, तुम्ही आजारी आहात. छे, असं कुणी तोंडावर म्हणतं का? गुडघा एकसारखा हलत होता. शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा त्या गुडघ्याकडे बघितलं, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

"या या, मास्तर!" साहेबांनी आत बोलावलं. टेबलाशी त्यांचा मदतनीस फायली घेऊन उभा होता. "आज स्वारी इकडे कुठे?"

"साहेब, म्हटलं या वेळी एकदा माप घ्यावं."

"माप?" साहेब मोठ्यानं हसले. "अहो, मापाला उभं राहायला वेळ असता तर मी रोज नवे कपडे नसते का घातले? हे बघा." ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. "कुठं ढिलं आहे? कुठं घट्ट आहे? सांगा!"

मास्तरांनी बघितलं. पँटच्या चुण्या पट्ट्यानं आणि टेबलानं झाकल्या होत्या; शर्ट मात्र कुठंही ढिला नव्हता, कुठंही घट्ट नव्हता. खांद्याची शिवण बरोबर खांद्यावर, कॉलर मानेलगत, बाही मनगटाशी. असा सुरेख बसलेला शर्ट मास्तरांनी आयुष्यात दुसरा शिवला नसेल. त्या शर्टाच्या आत माणूस वितळत होता आणि शर्ट त्याच्या मागोमाग गुपचूप लहान होत होता. हात खाली घेताना साहेबांनी टेबलाची कड धरली, ती बसेपर्यंत सोडली नाही. मास्तरांनी ते पाहिलं. मदतनीस फाईल बघत होता.

आता बोल, मास्तर स्वतःला म्हणाले. आता नाही तर कधी?

"साहेब, हल्ली कापड..." त्यांची जीभ आपोआप वळली. तीस वर्षांची सवय ती.

"काय झालं कापडाला?"

"हल्ली कापड जरा सैल येतं, साहेब."

"मग तुम्ही घट्ट शिवा!" साहेब म्हणाले, मदतनीस खो खो हसला, आणि मास्तरही हसले. हसत हसतच बाहेर आले.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. दुकानावरून दोनदा पुढे निघून गेले आणि दोनदा मागे फिरले. बायकोनं काचेतून बघितलं, पण हाक मारली नाही. तोंडावरूनच तिला कळलं असणार.

पुढचे दोन दिवस मास्तर कुणाशी बोलले नाहीत. जेवताना मध्येच थांबायचे. आरशासमोर दाढी करताना स्वतःच्याच गळ्याला टेप लावून बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राखाडी कापड टेबलावर अंथरलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि खडू हातात घेतला. नमुन्याचा शर्ट आणि पँट तशीच घडी घालून बाजूला ठेवली, उलगडून बघितलीही नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा ते वही बघून कापत होते. कंबर चौतीस. कॉलर साडेपंधरा. साहेबांनी मागितलं होतं ना माप तेच? घ्या मग तेच.

"सगळ्याच जोड्या अशा शिवणार?" बायकोनं विचारलं.

"एकच. जिभेला जमत नाही ते हाताला जमतंय का बघतो."

बायकोनं काज इतके मन लावून केले की एका शर्टाला तिची अख्खी दुपार गेली. संध्याकाळी ड्रायव्हर येऊन पुडकं घेऊन गेला. आणि मग सुरू झालं वाट बघणं. फोन वाजला की मास्तर दचकायचे. गाडी थांबल्याचा आवाज आला की उठायचे. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "मास्तर, पोरीला बघायला पाहुणे येणारेत का?" मास्तर त्याच्यावर असे खेकसले की तो बिचारा आपल्या दुकानात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास साहेब स्वतः आले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुकानाची पायरी चढली, आणि तीही एका हातानं पँट धरून. पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी मुठीत कापड धरल्याशिवाय पँट कमरेवर राहत नव्हती. शर्टाचे खांदे दंडावर उतरले होते. कॉलरमध्ये मान अशी उभी होती की कॉलर आणि मान यांच्यात दोन बोटं सहज गेली असती. मागोमाग ड्रायव्हर आला आणि दारातच थबकला. साहेबांना त्यानं रोज बघितलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर, हे काय शिवून ठेवलंय?" साहेबांचा आवाज चढला. "परवा सत्कार आहे माझा! चारशे लोकांसमोर मी असा उभा राहू? माप कुणाचं वापरलंत?"

"तुमचंच, साहेब. माप तेच."

"वर तोंड करून सांगताय?"

मास्तरांनी वही उघडून पुढे सरकवली. साहेबांनी वाचलं. मग टेबलावरची टेप स्वतः उचलून कमरपट्टीला लावली. लेथवर काम केलेला माणूस, मोजण्यात कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. कमरपट्टी बरोबर चौतीस भरली. त्यांनी कॉलर मोजली. साडेपंधरा.

"बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "मग बसत का नाही?"

आता जीभ आखडायला जागा उरली नव्हती. मास्तरांनी हात जोडले. "साहेब, वही खोटी आहे. पहिलं पान सोडून सगळी खोटी आहे. तुमची कंबर वाढत गेली तशी मी वाढवत गेलो, तुम्हाला कळू दिलं नाही. अडतीसपर्यंत गेली होती. मग दीड वर्षापूर्वी कमी व्हायला लागली, तर मी कमी करत गेलो. तेही कळू दिलं नाही. परवा ड्रायव्हर पँट घेऊन आला तेव्हा एकतीस होती. तुमच्या अंगावर जो शर्ट कायम नीट बसायचा ना, तो मी नीट बसवत होतो. लोक दुखणं अंगावर काढतात, साहेब. मी ते तुमच्या अंगावर शिवून दिलं."

 बायकोनं गिऱ्हाइकासाठी ठेवलेली खुर्ची पुढे केली. साहेब बसले. पँटवरची मूठ त्यांनी अजून सोडली नव्हती.

"मी लेथवर होतो तेव्हाचा माझा मालक," ते म्हणाले, "दर वर्षी नव्या रुबाबात यायचा, आणि दर वर्षी आम्हाला थोडं कमी ओळखायचा. मी ठरवलं होतं, आपण बदलायचं नाही. वेळ वाचतो वगैरे सगळं पेपरवाल्यांसाठी. सकाळी आरशात कालचाच माणूस दिसला की मला बरं वाटायचं, एवढंच." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "आणि तो कालचा माणूस तुम्ही शिवून पाठवत होता."

मास्तरांना मान वर करवेना.

"इतकी माणसं आहेत माझ्या आजूबाजूला, कुणी सांगितलं नाही मला. घरी बायको सांगत होती, तर तिलाच तुमच्या वहीचा दाखला दिला मी." साहेबांचा आवाज आता रागाचा राहिला नव्हता, त्याहून वाईट काहीतरी त्यात होतं. "चार दिवसांपूर्वी ऑफिसात आला होतात. तेव्हा हेच सांगायला आला होतात ना?"

"हो."

"मग?"

"धीर झाला नाही, साहेब."

"अहो, पण भांडण नंतर करा ना!" मास्तरांच्या बायकोनं न राहवून मध्येच तोंड घातलं. "आधी डॉक्टरकडे जा. आत्ता, असेच जा. आणि अहो, तुम्ही पण जा त्यांच्याबरोबर!" आणि तिनं पुढे होऊन, परक्या माणसाला हात कसा लावायचा याचा विचारही न करता, साहेबांच्या कमरपट्टीला मागून चिमटा घेऊन पिन लावली. साहेबांनी मुकाट्यानं मूठ सोडली.

"चला, मास्तर," ते उठले. "तिथं विचारतील कधीपासून आणि कितीनं. मला काय ठाऊक? तुम्हालाच विचारावं लागणार."

तिघं गाडीत बसले. ड्रायव्हर आरशातून मागे बघायचा आणि नजर वळवायचा. साहेबांनी बायकोला फोन लावला. इतकंच म्हणाले, "मी डॉक्टरकडे चाललोय. हो, खरंच. नाही, तू म्हणतेस तेच बरोबर होतं." पलीकडून काय आलं ते मास्तरांना ऐकू आलं नाही. साहेब बराच वेळ नुसते ऐकत होते. मास्तरांचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले, सुटले, पुन्हा गुंतले. उतरून पळून जावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. सांगायला लाज कसली?

डॉक्टर तिशीतली बाई होती, थोडक्यात बोलणारी. तिनं साहेबांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहून घेतला. "आधी किती होतं?"

"मी कधी वजन केलं नाही," साहेब म्हणाले. "गरजच वाटली नाही."

"साधारण कधीपासून कमी होतंय?"

साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर उभे राहिले, शाळेत उभं करावं तसे. या वेळी जीभ वळली नाही. "दोन वर्षांपूर्वी कंबर अडतीस. त्यानंतर सहा महिन्यांनी सदतीस. मग साडेपस्तीस. मग साडेतेहतीस. आता एकतीस. दर वेळी मधे सहा महिने. गळा साडेसोळावरून साडेचौदा. खांदा दोन्हीकडून पाऊण इंच, पण डावा जास्त."

डॉक्टर भराभर लिहीत होती. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. "तुम्ही भाऊ का यांचे?"

"नाही. शिंपी."

"आणि दीड वर्ष हे तुम्हाला एकट्याला ठाऊक होतं?"

"हो."

तिनं पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. तिनं फक्त कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "इतक्या आधी कळलं असतं तर फार सोपं गेलं असतं. आता तपासून बघू. शर्ट काढून इथं आडवे व्हा. तुम्ही जरा बाहेर थांबा."

मास्तर सुटल्यासारखे दाराकडे वळले. कडीला हात लागलासुद्धा.

"थांबा, मास्तर," मागून साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "राहू दे त्यांना, डॉक्टर. त्यांनी बघायला पाहिजे."

मास्तर वळले. साहेब एकेक बटण काढत होते, बोटांना बटण सापडत नव्हतं. शर्ट खांद्यांवरून आपोआपच गळून खाली पडला. बारा वर्षं ज्या अंगासाठी त्यांनी कपडे शिवले, ते अंग मास्तरांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बरगड्या मोजता येत होत्या. गळ्याच्या हाडामागे वाटीएवढा खड्डा पडला होता. कमरेच्या हाडावर, पट्टा आवळून आवळून, काळा वळ उठला होता. मास्तरांना रडू फुटलं, आणि ते आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. डॉक्टरनं साहेबांच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, थांबली, पुन्हा तिथंच दाबली. साहेब डोळे मिटून पडून होते. मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले आणि नजर न वळवता बघत राहिले.